सॅम्पल्ड ड्रमचं प्लगइन बनवायचंय: एसएफझेड, डिसेंट सॅम्पलर, कॉन्टॅक्ट, हाइझ की ज्यूस?

"मला ड्रमचं प्लगइन बनवायचंय" असं म्हणणाऱ्या दोघांना दोन वेगळ्याच गोष्टी हव्या असतात. एकाला त्याने रेकॉर्ड केलेला ड्रमसेट इतरांना वाजवता यावा एवढंच पाहिजे, दुसऱ्याला डॉमध्ये (DAW, म्हणजे संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) प्लगइनच्या यादीत स्वतःचं नाव, स्वतःची खिडकी, स्वतःची बटणं पाहिजेत. पहिल्याला खरं तर प्लगइन लागतच नाही, त्याला लायब्ररी लागते जी दुसऱ्याच्या तयार प्लेअरमध्ये उघडेल. पण दोघंही सुरुवात करतात ती सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेचे व्हिडिओ बघून, आणि मग स्नेअरचा एकही सॅम्पल (रेकॉर्ड केलेला फटका) कापायच्या आधी कंपायलरच्या एररमध्ये अडकून बसतात.

माझं मत आधीच सांगतो, पटलं नाही तर पुढे वाचताना भांडा; ही पाच साधनं काय आहेत ते खाली एकेक करून येतंच. पहिलंच किट असेल तर डिसेंट सॅम्पलर. टेक्स्ट फाइलशी वैर नसेल तर एसएफझेड. किट वाजवून समाधान झालं आणि तरीही स्वतःच्या नावाचंच प्लगइन हवं असेल तर हाइझ. ज्यूस, म्हणजे सी प्लस प्लसमध्ये प्लगइन लिहायचं फ्रेमवर्क, फक्त त्याने घ्यावं ज्याला सी प्लस प्लस शिकायचंच आहे आणि ड्रम हे निमित्त आहे. कॉन्टॅक्टचा हिशोब वेगळा, त्यावर खाली येतो.

कारण असं की ड्रममधलं बरंचसं काम कुठलंही साधन घेतलं तरी तेच राहतं. साधा आकडा मांडू. किक, स्नेअर, साइडस्टिक, तीन टॉम, हायहॅट बंद आणि उघडं, क्रॅश, राइड, म्हणजे १० प्रकारचे आवाज. प्रत्येकाचे हळू ते जोरात असे ८ लेयर, आणि प्रत्येक लेयरमध्ये ४ वेगवेगळे फटके, नाहीतर सोळाव्या नोट्स वाजवल्या की तोच तोच सॅम्पल ऐकू येऊन मशीनगन चालू झाल्यासारखं वाटतं. झाले ३२० फटके. फटका सरासरी २ सेकंदांचा धरला तर ६४० सेकंद, आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, त्यामुळे साधारण १८४ एमबी. हे एका माइक पोझिशनचं. क्लोज, ओव्हरहेड, रूम वगैरे चार स्टिरिओ पोझिशन ठेवल्या की ७३७ एमबी. एवढ्या सगळ्या फाइल कापायच्या, नावं द्यायची, लेयर लावायचे, यातलं बरंचसं तुम्हालाच करायचंय, कुठलंही सॉफ्टवेअर ते सगळं तुमच्यासाठी करत नाही.

आणि कापताना एक गोष्ट सांभाळा: एकाच फटक्याच्या सगळ्या माइकच्या फाइल अगदी त्याच सॅम्पलपासून कापायच्या. ओव्हरहेडला आवाज थोडा उशिरा पोचतो, तो उशीर "रिकामी जागा" समजून प्रत्येक फाइल वेगवेगळी ट्रिम केलीत की माइकांमधलं खरं अंतरच पुसलं जातं आणि फेजचा घोळ होतो, स्नेअर पातळ वाटायला लागतो. तसंच प्रत्येक फाइल वेगळी नॉर्मलाइझ करू नका (म्हणजे आवाज वाढवून एकाच पातळीला आणू नका), हळू फटका हळूच राहू द्या. नावं पहिल्या दिवसापासून एकाच साच्यात, म्हणजे वाद्य, माइक, लेयर नंबर, फटका नंबर, मधे अंडरस्कोर. पुढे कुठलंही साधन घ्या, ही नावं कामाला येतात.

आता एसएफझेड. हे सॉफ्टवेअर नाहीच, साधी टेक्स्ट फाइल आहे, कुठला सॅम्पल कुठल्या नोटवर आणि किती व्हेलॉसिटीला (म्हणजे किती जोराने मारल्यावर) वाजवायचा ते त्यात ओळीओळीने लिहायचं. फॉरमॅट खुला आहे, वाजवायला प्लोगचं सफोर्झांडो फुकट मिळतं, आणि स्फिझ म्हणून ओपन सोर्स प्लेअर आहे. स्नेअरचा एक रीजन (म्हणजे एका सॅम्पलची नोंद) लिहायचा तर सॅम्पलचं नाव, की ३८, लोवेल १, हायवेल १५, सीक्वेन्स लेंग्थ ४, सीक्वेन्स पोझिशन १, एवढं पुरतं. ३२० रीजन हाताने लिहायची गरज नाही, नावं साच्यात असतील तर स्प्रेडशीटमधून किंवा पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने अख्खी फाइल एका झटक्यात तयार होते. कोडिंगची जरा सवय असलेल्याला मला हाच रस्ता सगळ्यात मोकळा वाटतो. ड्रमसाठी दोन गोष्टी मात्र ठरवून लिहाव्या लागतात. एक म्हणजे लूप मोड वनशॉट, नाहीतर कीबोर्डवरून बोट उचललं की आवाज तुटतो. दुसरी हायहॅटची, उघडं वाजत असताना बंद वाजवलं की उघडं थांबलं पाहिजे, त्यासाठी ग्रुप आणि ऑफ बाय असे दोन ऑपकोड (एसएफझेडमधल्या सूचना) आहेत, पण थांबायची पद्धत मुळात फास्ट असते म्हणून आवाज कात्रीने कापल्यासारखा जातो, ती नॉर्मल करून रिलीज (आवाज विरायला लागणारा वेळ) थोडा वाढवला की खऱ्या झांजेसारखं मिटतं.

एसएफझेडचं कमी काय, तर दिसायला काही नाही. तुमच्या किटसाठी देखणी खिडकी, माइकचे फेडर वगैरे सगळ्या प्लेअरमध्ये सारखं दिसेल असं करता येत नाही, आणि एका प्लेअरला समजलेला ऑपकोड दुसऱ्याला समजेलच असंही नाही. ज्याला किट द्यायचंय तो जरा जाणकार असेल तर ठीक, नवखा असेल तर "फाइल डबल क्लिक केली, नोटपॅड उघडलं" असा मेसेज येणार हे धरून चाला.

इथेच डिसेंट सॅम्पलर बाजी मारतं. प्लेअर फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स, आयओएसवर चालतो, आणि लायब्ररी म्हणजे एक एक्सएमएल फाइल, सॅम्पलचं फोल्डर आणि मागचं चित्र. खिडकीचा मूळ आकार ८१२ बाय ३७५ पिक्सेल, त्या मापाचं चित्र टाकायचं, त्यावर नॉब नि स्लायडर कुठे हवेत ते एक्स-वाय आकड्यांनी सांगायचं, आणि कुठला नॉब कशाला जोडायचा ते बाइंडिंगमध्ये लिहायचं. माइकनुसार सॅम्पलचे ग्रुप करून टॅग दिले की क्लोज, ओव्हरहेड, रूमचे तीन स्लायडर फारशा कष्टाशिवाय मिळतात. राउंड रॉबिनसाठी (एकाच लेयरमधले फटके आळीपाळीने वाजवण्यासाठी) सीक्वेन्स मोड आहे, हायहॅट थांबवायला "सायलेन्स्ड बाय टॅग्ज". शेवटी सगळं झिप करून एक्स्टेन्शन बदललं की एकच लायब्ररी फाइल, समोरच्याने ती उघडायची, बस.

तोटा एकच पण खरा: यादीत नाव डिसेंट सॅम्पलरचंच दिसणार. शिवाय प्लेअरमध्ये जे इफेक्ट आणि जी सोय आहे त्यापलीकडे उडी मारता येत नाही. हायहॅटच्या पेडलची किती उघडझाप झाली ते सीसी ४ वरून (पेडलची स्थिती सांगणारा मिडी संदेश) घेऊन पाच पायऱ्यांत वाजवायचं, वर पेडल बंद होताना आपोआप चिकचा आवाज काढायचा, असली बारीक कामं डोक्यात असतील तर ती इथे लवकर अवघड होतात. ज्यांच्यासमोर इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट आहे त्यांनी हे आधीच तपासा, कीबोर्ड किंवा पॅडवर बोटांनी वाजवणाऱ्याला ते कदाचित कधी लागणारही नाही.

दोन्हीकडे, आणि पुढे ज्यूसमध्येसुद्धा, एक सापळा सारखाच आहे. व्हेलॉसिटीनुसार आवाज कमी-जास्त करणं हे आधीपासून पूर्ण चालू असतं. एसएफझेडमध्ये अँप व्हेलट्रॅक १००, डिसेंट सॅम्पलरमध्ये तेच १, ज्यूसच्या तयार सॅम्पलर व्हॉइसमध्ये तर गेन थेट व्हेलॉसिटीवरच बसवलेला. पण तुमचे लेयर खऱ्या हाताने हळू-जोरात वाजवलेले आहेत, ते मुळातच हळू आहेत, त्यावर प्लेअरने परत आवाज कमी केला की घोस्ट नोट्स (अगदी हळू मारलेले फटके) गायब आणि वरचे फटके अंगावर येतात. नवीन माणूस इथे कॉम्प्रेसर लावत बसतो. कॉम्प्रेसर नको, तो व्हेलट्रॅकचा आकडा खाली आणा, २० ते ३० टक्क्यांपासून ऐकून बघा, लेयरच्या आत थोडा चढउतार राहायला तेवढा पुरतो.

कॉन्टॅक्ट. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं सॅम्पलर, २००२ पासून चालत आलेलं, आणि व्यावसायिक सॅम्पल लायब्ररीच्या बाजारात आजही सगळ्यात जास्त दिसणारं नाव. ताकदीबद्दल वादच नाही, आतली स्क्रिप्टिंग भाषा, मल्टीआउट (वाद्यांना वेगवेगळे आउटपुट), डिस्कवरून स्ट्रीमिंग सगळं पक्कं. पण नवख्याला विचारायचा प्रश्न ताकदीचा नाहीये, तर "माझं किट घेणाऱ्याकडे काय आहे" हा आहे. बनवायला तुम्हाला पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते, आणि वाजवणाऱ्यालाही. फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये परवाना नसलेली लायब्ररी उघडते पण १५ मिनिटांनी डेमो संपतो, आणि ती प्लेअरमध्ये कायम चालावी असं वाटत असेल तर कंपनीशी परवान्याचा करार करून एन्कोड करून घ्यावी लागते, म्हणजे पैसे आले. तुमच्याकडे ते आधीपासून आहे आणि गिऱ्हाईकही त्याच गटातलं आहे, तर डोळे झाकून घ्या. फुकट वाटायच्या पहिल्या किटसाठी मी ते घेणार नाही.

स्वतःच्या नावाच्या प्लगइनकडे जायचं तर हाइझ हा मधला रस्ता आहे, आणि माझ्या मते सॅम्पलवाल्यांसाठी योग्यही तोच. ओपन सोर्स आहे, ज्यूसवरच उभारलेलं, पण सॅम्पलरचं सगळं इंजिन आधीच लिहिलेलं आहे: सॅम्पल मॅप, राउंड रॉबिन ग्रुप, एका फटक्याचे अनेक माइक एकत्र बांधणं, न लागणारा माइक मेमरीतून काढून टाकणं, सॅम्पल लॉसलेस दाबून ठेवणं. वर जी नावं साच्यात ठेवायला सांगितली ना, ती इथे फाइलच्या नावावरून आपोआप मॅपिंग करायला वापरता येतात. स्क्रिप्ट जावास्क्रिप्टसारखी आहे, त्यामुळे वेब केलेल्या माणसाला आठवड्याभरात हात बसतो. वरचं सीसी ४ चं हायहॅट इथे स्क्रिप्टमध्ये नीट जमतं.

पण हाइझ म्हणजे बटण दाबलं की प्लगइन हातात असं नाही. एक्सपोर्ट करताना ते सी प्लस प्लस कोड तयार करून कंपाइल करतं, म्हणजे विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ, मॅकवर एक्सकोड, ही जुळवाजुळव करावीच लागते, आणि मॅकचं प्लगइन मॅकवरच बनतं. परवानाही आधी वाचा. हाइझ जीपीएल ३ या ओपन सोर्स परवान्याखाली आहे, प्लगइनचा कोड तुम्ही त्याच अटींवर खुला ठेवणार असाल तर काही द्यायचं नाही, बंद ठेवून विकायचं तर हाइझचा व्यावसायिक परवाना आणि सोबत ज्यूसचाही बघावा लागतो.

ज्यूस. इथे सगळं तुमच्या हातात, म्हणजे सगळं तुमच्या डोक्यावर. सिंथेसायझर, सॅम्पलर साउंड, सॅम्पलर व्हॉइस असे क्लास तयार मिळतात, ट्युटोरियल बघून संध्याकाळपर्यंत किक वाजते सुद्धा, आणि म्हणूनच लोक फसतात. पुढे काय होतं बघा. साउंडला इंजिन फक्त "ही नोट तुझी का" एवढंच विचारतं, व्हेलॉसिटी विचारत नाही, त्यामुळे ३८ नंबरवर आठ लेयर टाकले तरी त्यातला योग्य लेयर निवडणारा कोड तुम्हीच लिहायचा. राउंड रॉबिन तुम्हीच लिहायचं. नोट ऑफ (नोट सोडल्याचा संदेश) आली की व्हॉइस (तो वाजणारा आवाज) रिलीजमध्ये जातो, ड्रमपॅड तर नोट ऑफ लगेच पाठवतो, म्हणून किक अर्ध्यात मरते, तेव्हा स्टॉप नोटकडे दुर्लक्ष करायचं. मग क्रॅशवर लागोपाठ दोन फटके मारले की कळतं की तीच नोट परत आल्यावर सिंथेसायझर आधीच्या व्हॉइसला थांबायला सांगतं, पहिल्या फटक्याची शेपूट कापली जाते, आता नोट ऑन स्वतः ओव्हरराइड करा, आणि हे केलंत की हायहॅटचं थांबवणं वेगळं हाताळा. शिवाय तयार सॅम्पलर साउंड पूर्ण फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये रॅममध्ये भरतो, वरचं ७३७ एमबीचं किट तिथे ९८३ एमबी होतं, आणि डिस्क स्ट्रीमिंग हवं असेल तर तेही तुमच्याच गळ्यात. यातलं काहीच अशक्य नाही, शिकायला तर मस्त आहे, पण हे सगळं करून तुम्ही तिथेच पोचता जिथे हाइझवाला पहिल्या दिवशी उभा होता. ज्यूस ८ एजीपीएल ३ (हाही ओपन सोर्स परवाना) किंवा व्यावसायिक परवान्यावर मिळतं, कमी उत्पन्न असलेल्यांसाठी फुकटचा टप्पाही आहे.

ड्रमगिझ्मोचा उल्लेख राहायला नको, खास ड्रमसाठीचं ओपन सोर्स प्लगइन, एका माइकमधून दुसऱ्यात शिरणारा आवाज जसाच्या तसा ठेवून प्रत्येक माइक वेगळ्या चॅनेलवर देतं. लिनक्सवर मिक्सिंग करणाऱ्यांना आवडेल. बाकीच्यांनी नंतर बघितलं तरी चालेल.

नोटांचं मॅपिंग कुठेही जनरल मिडीचंच (कुठल्या नंबरवर कुठलं वाद्य याचं ठरलेलं प्रमाण) ठेवा: किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, पेडल ४४, उघडं ४६, क्रॅश ४९, राइड ५१. म्हणजे कुणाचीही ग्रूव्हची मिडी फाइल टाकली की वाजते. माहितीपत्रकात नंबरच लिहा, सी१ सी२ नको, कारण ३६ ला काही सॉफ्टवेअर सी१ म्हणतात आणि काही सी२.

आणि हाइझ किंवा ज्यूस निवडताना वाटपाचा खर्च मोजा, तो एसएफझेड नि डिसेंट सॅम्पलरवाल्याला नाहीच. मॅकवर प्लगइन साइन आणि नोटराइझ केलं नाही (म्हणजे ॲपलकडून तपासून घेतलं नाही) तर समोरच्याच्या मशीनवर अडवलं जातं, त्यासाठी ॲपलची डेव्हलपर मेंबरशिप वर्षाला ९९ डॉलर. विंडोजवर साइन नसलेला इन्स्टॉलर धोक्याची पाटी दाखवतो, सर्टिफिकेटचे पैसे वेगळे. प्रो टूल्स या डॉसाठी एएएक्स प्रकारचं प्लगइन हवं तर त्याचं साइनिंग आणखी वेगळं, ते पहिल्या आवृत्तीत सोडून द्या, व्हीएसटी३ आणि एयू या दोन प्लगइन प्रकारांवर बहुतेक सगळे डॉ येतात.