कन्सोल सर्व्हर: नऊ महिने वापरल्यावर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा मी दांडिया बाजारात घरी अडकलो होतो आणि मकरपुऱ्यात आमच्या कारखान्याचा मुख्य राउटर लटकला होता. शेड कोरडी, वीज चालू, पण कन्सोल केबल लावायला कुणी पोहोचेना. पुढे १६ पोर्टचा कन्सोल सर्व्हर, म्हणजे राउटर-स्विचेसच्या कन्सोल केबल एकत्र जोडून ती यंत्रं लांबून चालवू देणारी पेटी, मंजूर झाला तो त्या दोन दिवसांमुळे.

जोडणी अर्ध्या दिवसात झाली. बहुतेक पोर्ट ९६०० बॉड या वेगावर लगेच बोलले. लांबून लॉगिन करायच्या पद्धतींपैकी टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, म्हणून ते बंद करून फक्त एसएसएच (सगळं झाकून पाठवणारी पद्धत) ठेवलं. खरा वेळ खाल्ला तो कुणाला कुठलं पोर्ट द्यायचं या कामाने. आधी सगळ्यांचा एकच ॲडमिन पासवर्ड होता, रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला. आता प्रत्येकाचं वेगळं खातं आहे. रात्रपाळीच्या मुलांना फक्त स्विचेस दिसतात, फायरवॉलचं पोर्ट साहेबांकडे आणि माझ्याकडे आहे, एएमसीवाल्यांना (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदारांना) एकच पोर्ट आणि तेही नुसतं बघण्यापुरतं. या एका सोयीसाठी मी हे यंत्र पुन्हा घेईन.

लॉगिन टॅकॅक्स प्लसला जोडलं, म्हणजे सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर तपासली जातात. रेडियस या त्याच कामाच्या दुसऱ्या पद्धतीत पासवर्ड झाकला जातो, बाकीचं बरंचसं उघडं राहतं. टॅकॅक्समध्ये आतला सगळा मजकूर झाकतात. तरी ते झाकणंही आजच्या मानाने कच्चंच, म्हणून हा सगळा ट्रॅफिक वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवला आहे.

तक्रार आहे ती मूळ सेटिंगबद्दल. नोकरी सोडून गेलेल्या एकाचं खातं मी टॅकॅक्स सर्व्हरवर बंद केलं आणि सहज त्याच नावाने लॉगिन करून पाहिलं. आत गेलो! बसवताना त्याचं एक खातं पेटीतही उघडलं होतं, आणि सर्व्हरने ‘नाही’ म्हटल्यावर ही पेटी स्वतःच्या यादीत शोधत होती. सर्व्हर पोहोचतच नसेल तेव्हाच स्थानिक खातं चालावं, असा वेगळा पर्याय मेनूत खोलवर सापडला. तो लावाच. पेटीत आता एकच स्थानिक खातं आहे, त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात साहेबांच्या तिजोरीत. सर्व्हरची वाट बघायचा टाइमआउटही ३ सेकंदांवर आणला, कारण मुख्य स्विच बंद पडला तेव्हा टॅकॅक्स सर्व्हर त्याच स्विचमागे होता आणि पेटी त्याची वाट बघत बसली.

दुसरी गोष्ट यंत्राच्या दोषाची नाही, पण तितकीच गंभीर. एका रात्री मुलाने पोर्ट ७ उघडलं, तर पासवर्ड न विचारता थेट ‘#’ (पूर्ण हक्काच्या लॉगिनची खूण) समोर. आधीच्या माणसाने लॉगआउट न करता लॅपटॉप मिटला होता. एसएसएच तुटलं तरी पलीकडच्या राउटरला ते कळत नाही, त्याच्या लेखी तोच माणूस अजून बसलेला असतो. सिस्कोच्या यंत्रांवर एक्झेक-टाइमआउट (काही टाइप न केल्यास आपोआप लॉगआउट व्हायची मुदत) मुळात १० मिनिटांचा असतो. आमच्याकडे कुणीतरी तो ‘० ०’ करून कायमचा बंद केला होता. आता सगळीकडे ५ मिनिटं.

पोर्टचे लॉग सिसलॉगवर (नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरवर) जातात, ते उत्तम. फक्त कुणी पूर्ण कॉन्फिगरेशन पडद्यावर काढलं की तेही लॉगमध्ये उतरतं, म्हणून लॉग बघायचा हक्कही दोघांपुरताच ठेवला.

दुसऱ्या शेडसाठी ८ पोर्टचा मागवला आहे. माल यायचाय, खात्यांची यादी मात्र साहेबांच्या सहीने तयार आहे.