टोस्टमास्टर्स क्लब: बोलायच्या धास्तीवर मला गुण आला तो टायमरच्या खुर्चीत

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. मायक्रोमीटर हातात असला की मला कुणाचीच भीती नाही. पण ग्राहक कंपनीचं ऑडिट लागलं आणि प्रोजेक्टरसमोर उभं राहून रिजेक्शनचे, म्हणजे नापास झालेल्या मालाचे, आकडे सांगायची वेळ आली, की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा. तोंडाला कोरड, हातातल्या कागदाची फडफड, तोंडपाठ असलेला आकडा ऐन वेळी गायब. हे ज्यांना होतं त्यांच्यासाठी लिहितेय. टोस्टमास्टर्सला, म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करायच्या क्लबला, मी बराच काळ जातेय आणि पैसे व शनिवारची संध्याकाळ दोन्ही वसूल झाले, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र लोक जातात भाषणं करायला; मला गुण आला तो दुसऱ्याच गोष्टीनं.

त्याआधी मी एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला भरपूर पैसे भरले होते. तिथं सर बोलायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. आरशासमोर बोला, समोर दगड बसलेत असं समजा, दीर्घ श्वास घ्या. उभं राहून बोलायची पाळी प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटं मिळाली. शेवटी फोटो आणि सर्टिफिकेट. पुढच्या ऑडिटला माझी अवस्था तीच.

टोस्टमास्टर्सची पद्धत एकदम उलटी. इथं शिकवणारे सर नाहीतच. राल्फ स्मेडली या गृहस्थांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं, वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेच्या तळघरात पहिला क्लब सुरू केला. सभासदांनीच सभा चालवायची आणि एकमेकांना शिकवायचं, हा तेव्हाचा शिरस्ता आजही आहे. बायकांना मात्र 1973 पर्यंत दार बंद होतं. हेलन ब्लँचर्ड यांनी 1970 मध्ये ‘होमर’ असं पुरुषाचं नाव लावून सभासदत्व घेतलं आणि 1985 मध्ये त्याच संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. हे वाचलं तेव्हा मला फार बळ आलं.

दर सभेत कामं वाटलेली असतात. कुणी सूत्रसंचालक, कुणी तयार भाषण करणारे, कुणी त्या भाषणाचं मूल्यमापन करणारे. एक जण भाषेवर लक्ष ठेवतो, एक जण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्च्युअली’ असले अडखळ मोजतो आणि एक जण वेळ पाहतो. नवख्या माणसाला बहुधा टायमरचं काम देतात. मलाही तेच दिलं, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथंच आहे.

टायमरकडे स्टॉपवॉच आणि तीन कार्डं असतात. पहिल्या भाषणाला, ज्याला ‘आइसब्रेकर’ म्हणतात, 4 ते 6 मिनिटं असतात. 4 झाली की हिरवं, 5 ला पिवळं, 6 ला लाल. मागे बसलेल्या माणसानं कार्ड नुसतं उचलायचं, बोलायचं काही नाही. पण पहिल्याच संध्याकाळी मला एक गोष्ट दिसली. छान, आत्मविश्वासानं बोलणाऱ्या बाई पिवळं कार्ड पाहताच एकदम गडबडल्या, एक वाक्य अर्धंच सोडून त्यांनी शेवट गाठला आणि तरी टाळ्या कडकडून पडल्या. ती गडबड माझ्याखेरीज कुणाच्या फारशी लक्षात आलेली दिसली नाही. माझी नजर घड्याळावर आणि त्यांच्यावर होती म्हणून मला कळली. सभेच्या शेवटी टायमरनं उभं राहून अहवाल द्यायचा असतो: कोण किती बोललं, कोण वेळेत बसलं. मी उभी राहिले, कागद वाचला, खाली बसले. हात थरथरला नाही. सगळ्यांना स्वतःच्या मिनिट-सेकंदांचं पडलं होतं, आणि मलाही आकडे बरोबर जातायत ना एवढंच पडलं होतं.

यामागचं कारण नंतर वाचनात आलं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात मुख्य मुद्दा हाच आहे. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष आत वळतं. मी कशी दिसतेय, आवाज कापतोय का, लोकांना कळलं का. जितकं आत पाहावं तितकी भीती वाढते. टायमर, अडखळ मोजणारा, मूल्यमापन करणारा, या तिन्ही कामांत लक्ष मुकाट्यानं बाहेर जातं. ‘घाबरू नका’ असं शंभरदा सांगून जे होत नाही, ते हातात स्टॉपवॉच दिल्यावर होतं.

पुढे ‘टेबल टॉपिक्स’. आयत्या वेळी विषय मिळतो आणि 1 ते 2 मिनिटं बोलायचं. हा भाग अवघड आहे, खोटं कशाला सांगू. पण दोन मिनिटांत लाल कार्ड येणार हे माहीत असतं, म्हणून निभतं.

मूल्यमापन 2 ते 3 मिनिटांचं असतं. माझ्या आइसब्रेकरनंतर बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले. म्हणाले, “ताई, तुम्ही आकडा सांगता आणि लगेच पुढं पळता. आकडा सांगितला की थांबा. समोरच्याला तो डोक्यात मांडू द्या.” मी चाचरत विचारलं, “काका, माझे पाय कापत होते ते दिसलं असेल ना?” ते म्हणाले, “मला तरी नाही दिसलं बुवा.” ते मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांचा 2003 चा अभ्यास हेच सांगतो: वक्त्याला वाटतं त्यापेक्षा त्याची घालमेल लोकांना पुष्कळच कमी दिसते, आणि हे आधी नीट समजावून सांगितलं तर भाषणही सुधारतं. आता ऑडिटमध्ये रिजेक्शनचा टक्का सांगितला की मी थांबते. ऑडिटर तो लिहून घेतात आणि मला श्वास मिळतो. पोटातला गोळा अजून येतो, पण आकडे गायब होत नाहीत.

आता खर्च. मुख्यालयाची वर्गणी सहा महिन्यांना 60 डॉलर, नव्या सभासदाला एकदाच वेगळे 20 डॉलर. रुपयांत सहा महिन्यांचे साधारण पाच हजार, त्यावर क्लबचं हॉलभाडं वगैरे. कमी नाहीत. पण क्लासच्या मानानं उभं राहायची संधी कितीतरी पट. वय 18 पूर्ण हवं.

कुणी जाऊ नये? ज्यांना फक्त भाषणाची नाही तर चारचौघांत जेवायची, फोन उचलायचीही धास्ती वाटते, किंवा जे भीतीपायी नोकरी सोडायच्या बेतात आहेत, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. क्लब म्हणजे उपचार नव्हे, तिथं बसलेले सगळे आपल्यासारखेच. आणि भाषणाआधी घ्यायची, छातीतली धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नका. दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची आहे. डॉक्टरांनी दिली तरच.

क्लब निवडताना घाई करू नका, क्लबाक्लबात फार फरक असतो. काही ठिकाणी सगळं इंग्रजीतून चालतं; मराठीतही बोलू देतात का, हे आधी विचारा. आपली भीती मातृभाषेत आधी मोडली तर इंग्रजीत पुढचं काम हलकं होतं. पाहुणे म्हणून जायला पैसे पडत नाहीत, म्हणून दोन-तीन क्लब पाहून घ्या. मूल्यमापन ऐका: नुसतं “व्वा, छान!” चालतंय की काकांसारखं एखादं नेमकं वाक्य मिळतंय? नवख्यांना कामं देतात का, की तीच चार माणसं सगळं करतात? पाहुण्याला दोन शब्द बोलायचा आग्रह होतो; नको वाटलं तर “आज फक्त ऐकायला आलेय” म्हणा, कुणी जबरदस्ती करत नाही. आणि सभासद झालात की पहिल्या सभेला टायमरचं काम मागून घ्या.