बेसवर घर की गावात? जर्मनीची ऑर्डर हातात पडलेल्या जोडप्यासाठी

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका नव्या जोडप्याचा फोन आला. तो अमेरिकन सैन्यात, लग्नानंतर नुकतंच तिचं नाव त्याच्या ऑर्डर्सवर, म्हणजे बदलीच्या हुकमात, लागलेलं. तीन वर्षं जर्मनी. "दादा, घर बेसवर, म्हणजे लष्करी तळाच्या आत घ्यायचं की बाहेर?" एवढंच विचारलं त्यानं, आणि मी तासभर बोलत बसलो. तेच इथं जरा नीट लावून लिहितोय.

माझी बायको हवाई दलात आहे. मी तिचा 'डिपेंडंट', ती माझी 'स्पॉन्सर'. हे शब्द सुरुवातीला टोचतात, मग अंगवळणी पडतात. काइझरस्लाउटर्नच्या आसपास, ज्याला इथले अमेरिकन नुसतं 'के-टाउन' म्हणतात, आमच्या दोन पोस्टिंग झाल्या. पहिल्या वेळी ३६ महिने बेसवरच्या फ्लॅटमध्ये काढले. दुसऱ्या वेळी वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात जुनं दुमजली घर घेतलं. रामस्टाइन धरून या भागात अमेरिकनांचे बरेच तळ आहेत आणि प्रत्येकाचा कारभार थोडा निराळा, त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा तुम्हाला लागू पडेल असं नाही.

आधी एक कटू गोष्ट. बऱ्याचदा निवड आपल्या हातात नसतेच. बेसवर घरं रिकामी पडली असतील, तर बाहेर राहायची परवानगी मिळणं अवघड जातं. तेव्हा नेटवर घरांचे फोटो बघत रात्र काढण्याआधी हाउसिंग ऑफिसला विचारून घ्या.

निवड असेलच, तर पैशाचा हिशेब पटकन उरकतो. अमेरिकेत घरभत्त्यातून स्वस्त घर घेऊन उरलेले पैसे खिशात टाकायची सवय असते. इथे तो भत्ता वेगळा. ओएचए, म्हणजे परदेशातल्या पोस्टिंगचा घरभत्ता, यात मर्यादेच्या आत जेवढं खरं भाडं असेल तेवढंच मिळतं. तीनशे युरो स्वस्त घर शोधलंत, तर ते तीनशे सरकारचे वाचतात, तुमचे नव्हे. बेसवर तर भाडंही नाही आणि भत्ताही नाही. म्हणून 'बाहेर राहून पैसे साठवू' किंवा 'बेसवर राहून साठवू' या दोन्ही मनसुब्यांत फारसा दम नाही.

फरक पडतो तो खर्च कधी येतो यात. बेसवर हीटर फिरवला की गरम, बिलाचं नावच नाही. आमच्या गावातल्या घराला तेलाचं हीटिंग होतं. तळघरात मोठी टाकी, आणि ती भरायची एकदम. वीज-हीटिंगसाठी भत्ता मिळतो, पण तो महिन्याच्या महिन्याला ठरावीक. २०२२च्या शरद ऋतूत तेलाचे भाव चढलेले असताना आम्ही हजार लिटर मागवलं. ते बिल बघून बायको काही बोलली नाही, फक्त स्वेटर घालून आली.

सामान लावणं हाही एक अध्याय आहे. बेसवरचं घर म्हणजे अमेरिकेचाच तुकडा. आमच्या फ्लॅटमध्ये दोन्ही प्रकारचे सॉकेट होते, भिंतीत कपाटं होती, स्वयंपाकघर जागच्या जागी. जर्मन घर भाड्यानं घेतलं की आधीचा भाडेकरू दिवेसुद्धा काढून नेतो, छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. कित्येक घरांत स्वयंपाकघराच्या जागी नळ आणि टाइल्स एवढंच. त्यासाठी जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' हा शब्द शोधा. तो दिसला म्हणजे ओटा-कपाटं घरातच आहेत. कपड्यांची कपाटं, फ्रिज, वॉशिंग मशीन सरकारकडून वापरायला मिळतं. डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढंच घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. हे घरमालक आपणहून सांगेलच असं नाही. करारात लष्करी बदलीचं कलम आहे ना, तेवढं मात्र सही करण्याआधी बघा. ते नसेल तर तीन महिन्यांची नोटीस अंगावर येते.

आणि ट्रान्सफॉर्मर! अमेरिकन मिक्सर १२० व्होल्टचा, भिंतीत २३०. मग मधे एक विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर, दिवसभर भुंग्यासारखा गुणगुणणारा. तो व्होल्टेज उतरवतो, पण वारंवारता ५०ची ५०च राहते. आमचं उशाशी ठेवायचं घड्याळ ६० हर्ट्झवर चालणारं होतं. ते इथे तासाला दहा मिनिटं मागं पडायचं. पहाटे साडेसहाला पीटी असलेल्या घरात हा विनोद एकदाच झाला. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचं घड्याळ आलं.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस बेसकडे झुकतोय. रविवारची गोष्ट सांगितली तर आणखीच वाटेल. गावात रविवारी दुकानं बंद, गवत कापायचं नाही, ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ आवाज होतो. पहिले दोन महिने मी रविवारी घरात चोरासारखा वावरलो. बेसवर मात्र रविवारी कमिसरीत, म्हणजे तळावरच्या किराणा दुकानात भाजी, एक्स्चेंज या तिथल्याच बाकी वस्तूंच्या दुकानात मोजे, सगळं मिळतं. पण इथे एक साधी गोष्ट लोक विसरतात. गावात राहिल्यानं कमिसरी, टपाल, दवाखाना, करमुक्त पेट्रोल यातलं काहीच हातचं जात नाही. ओळखपत्र तेच, गेट तेच. गाडी काढली की पोचलो. उलट बाजूनं मात्र तसं होत नाही.

ते मला ज्या गोष्टीमुळे कळलं, ती ऐकायला क्षुल्लक वाटेल. गेटवरचं साइन-इन.

पहिल्या पोस्टिंगमध्ये मला नोकरी नव्हती. बायको पहाटे जायची, रात्री यायची, मधेच सहा आठवडे टीडीवायवर, म्हणजे दुसरीकडे तात्पुरत्या ड्यूटीवर. मी प्रौढांसाठीच्या फोल्क्सहोखशूलेमध्ये जर्मन शिकायला जाऊ लागलो. तिथे एका निवृत्त बाईंशी ओळख झाली. त्यांना इंग्रजी पक्कं करायचं होतं, मला जर्मन. ठरलं, आठवड्यातून एकदा एकमेकांकडे कॉफी.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा मी गेटवर गेलो, त्यांचं ओळखपत्र दाखवलं, नाव लिहिलं, रांगेत थांबलो. बेसवर असेपर्यंत पाहुण्याच्या सोबत आपण राहायचं आणि निघताना गेटपर्यंत सोडून यायचं. नियम नियमाच्या जागी बरोबर आहे, लष्करी तळ आहे तो. गेटवरची पोरंही वागायला सभ्य होती. पण कॉफी पाऊण तासाची आणि गेटचं प्रकरण चाळीस मिनिटांचं.

तिसऱ्या वेळी, सप्टेंबर असावा, त्या सायकलवरून आल्या. टोपलीत घरच्या झाडाच्या प्लमचा केक. ओळखपत्र घरी राहिलं होतं. आत येता येईना. मी बाहेर गेलो आणि आम्ही दोघांनी गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये, एका गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवून, उभ्या उभ्या तो केक खाल्ला. त्या हसत होत्या, मीही हसत होतो. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हीच या." मी जात राहिलो. त्या मात्र पुन्हा आल्या नाहीत, आणि मीही या म्हणालो नाही.

त्यानंतर लक्षात आलं की तीन वर्षांत आमच्या घरी बिनसरकारी माणूस जवळजवळ आलाच नाही. जिना चढताना भेटणारा प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या युनिटमधला. बायकोचा सुपरवायझर दोन मजले वर. कचरा टाकायला गेलं तरी गप्पा ड्यूटी रोस्टरच्या. अशाच सोबतीत बरं वाटणारीही जोडपी असतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण माझ्यासारख्या दिवसभर घरी असणाऱ्याला ते जड जातं.

गावात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बेल वाजली. शेजारचे आजोबा आमची पिवळी पिशवी हातात घेऊन उभे. प्लास्टिक-पत्र्याच्या त्या पिशवीत मी लोणच्याची काचेची बरणी टाकली होती. त्यांनी ती काढून मला दाखवली, काच कुठे जाते ते सांगितलं, कचऱ्याचं कॅलेंडर दारावर कुठे चिकटवायचं तेही सांगितलं. मी मनातून चिडलो. दार लावल्यावर सुचलं की आपल्या घराची बेल वाजवायला या माणसाला कुणाची परवानगी लागली नाही. पुढे ते नेहमी यायचे. कॉफीचं रेशन आपल्याला ठरलेलं असतं आणि करमुक्त पाकीट जर्मन माणसाला देऊन टाकायचं नाही, हे आम्हाला ब्रीफिंगमध्ये बजावलं होतं. म्हणून मी त्यांना घरात बसवूनच पाजायचो. त्यांना ती पाणचट वाटायची, पण कप रिकामा करायचे.

बायकोचं मत विचाराल तर ती माझ्याइतकी ठाम नाही. हिवाळ्यात बर्फावरून वीस मिनिटं गाडी चालवत, गेटच्या रांगेत मिनिटं मोजत ड्यूटीवर ती जायची, मी नाही. आणि ती लांबच्या डिप्लॉयमेंटवर गेली असती, घरात तान्हं मूल असतं, तर जिन्यातल्या त्याच युनिटवाल्या शेजारणी मध्यरात्री धावून आल्या असत्या, हेही तिचं खरं. त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. तुमचं असं काही ठरत असेल तर निदान पहिलं वर्ष बेसवर काढायला माझी ना नाही. मात्र बेसवरून गावात मधेच हलायचं म्हटलं तर परवानगी आणि खर्च दोन्ही तुमच्या डोक्यावर येऊ शकतात, तेव्हा 'नंतर बघू' याचा फार भरवसा धरू नका.

फोनवरच्या त्या जोडप्यात तिला नोकरी नाही आणि मूलही नाही. मी त्यांना गाव बघा म्हणालो. शक्यतो असं घर, जिथून बस किंवा आगगाडीचं स्टेशन चालत गाठता येईल, कारण गाडी एकच असेल आणि ती त्याच्याकडे असेल. आणि घर बघायला जाल तेव्हा तळघरात उतरून तेलाच्या टाकीवरचा काटा बघा. आमच्या घरमालकिणीनं मला तो पहिल्याच दिवशी दोनदा बोट ठेवून दाखवला होता. मी आपला "या, या, शोन" (हो, हो, छान) म्हणत मान डोलवत राहिलो.