अलगद वळणारी फोर बाय फोर

गाडी चढावर अर्ध्यात अडकली तेव्हा डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याचा, हिरवा दिवा छान पेटलेला होता. लिव्हर फोर लोमध्ये (चारही चाकं, जास्त जोर, कमी वेग), पुढच्या चाकांचे दोन्ही हब लॉक, पहिला गिअर. चढही काही फार नव्हता, ओलं गवत आणि खाली चिकट माती, एवढंच. मागचं डावं चाक गरगर फिरून चिखल उडवत होतं आणि गाडी तिरकी होत खाली सरकत होती. मित्र आधीच उतरून बाजूला उभा होता. तो ओरडला, "अरे, पुढची चाकं फिरतच नाहीयेत!"

मी म्हटलं, "दिवा लागलाय की."

"दिव्याला काय करायचंय? खाली ये आणि बघ."

गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. जुनी, चौकोनी बांध्याची, लॅडर चेसिसची, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बसवलेली डिझेल गाडी. पुढे-मागे सरळ एक्सल, पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब, म्हणजे चाक त्याच्या शाफ्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या डायल. कित्येक वर्षं अशीच गाडी हवी होती, आणि शोधताना बऱ्यापैकी वाचलंही होतं. म्हणून हे लिहितोय. अगदीच अडाणी माणूस फसला असता तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी तपासून, चालवून, फोर बाय फोर टाकून बघून गाडी घेतली आणि तरी फसलो.

घेताना काय झालं ते सांगतो. विकणारा गोड बोलणारा गृहस्थ. "साहेब, घाई नाही, सगळं बघून घ्या," असं तो स्वतःच म्हणाला. हबच्या डायल त्याने माझ्यासमोर फिरवून लॉक केल्या. मी आत बसलो, लिव्हर फोर हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) ओढली. खट्कन बसली, दिवा लागला. मित्राला खाली वाकून बघायला सांगितलं, तर पुढचा प्रोपेलर शाफ्टसुद्धा, म्हणजे पुढच्या एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा, फिरत होता. मग मी त्या फरसबंद अंगणात स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन गोल चकरा मारल्या. गाडी इतकी अलगद वळली की मी खाली उतरून म्हणालो, "या वयाच्या मानाने काय स्मूद आहे हो!" तो नुसता हसला. आता ते हसू आठवलं की माझे कान लाल होतात.

पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये फोर हाय टाकलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते आणि दोन्ही एकाच वेगाने फिरतात. पण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीत किंवा चिखलात टायर थोडा घसरून हा हिशोब जमवून घेतो. कोरड्या, कडक जमिनीवर घसरायला जागा नसते. मग स्टीअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, गाडी अडखळते, कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी वाटते. चांगल्या गाडीत हे व्हायलाच हवं. माझी गाडी लोण्यासारखी वळली ती पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नव्हती म्हणून. पुरावा माझ्या हातात होता आणि मी त्याचं कौतुक करत होतो.

दिवाही खोटा नव्हता. त्याचा स्विच ट्रान्सफर केसवर असतो आणि लिव्हरची आतली दांडी सरकली की दाबला जातो. लिव्हर जागेवर बसली एवढंच तो सांगतो. त्यापुढे शाफ्ट, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद देऊन वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), एक्सल, जॉइंट, हब अशी लांब साखळी असते आणि त्यातलं काही त्या दिव्याला ठाऊक नसतं. चढावर मागचं एक चाक गरगरत असताना पुढचं एक तरी चाक फिरायलाच हवं होतं, कारण दोन्ही शाफ्ट जखडलेले. पुढची दोन्ही चाकं गप्प, म्हणजे साखळी मध्ये कुठेतरी तुटलेली.

मेकॅनिकने पुढच्या हबचे बोल्ट काढले, झाकण बाजूला केलं आणि मला जवळ बोलावलं. तिथे शाफ्टचं दातेरी टोक दिसायला हवं, त्यावर सरकणारी दातेरी रिंग हवी, स्प्रिंग हवी. तिथे काळं भोक होतं. मी बोट घातलं तर ते ग्रीसमधून आत जातच राहिलं. दुसरी बाजूही तशीच. बाहेरची डायल मात्र टक् आवाज करून लॉक-फ्री, लॉक-फ्री फिरत होती, एखाद्या खेळण्यातल्या बटणासारखी. पुढे सगळं खोललं तेव्हा दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) आणि जॉइंट गायब. डिफरन्शियलचं तेल बाहेर येऊ नये म्हणून एक्सलच्या नळीत दोन्हीकडून रबरी बूच ठोकून वर सीलंट थापलेलं. पुढचं एक्सल कोरडं ठणठणीत, कुठे थेंब नाही, म्हणून घेताना मी त्यालाही मनातल्या मनात एक गुण दिला होता.

मेकॅनिकचा अंदाज असा की आधीच्या कुणाच्या तरी हातात एका बाजूचा जॉइंट तुटला असणार. नवीन महाग, म्हणून काढून टाकला, आणि दुसऱ्या बाजूचा धड होता तो विकून टाकला. अशा बनावटीत चाक हबच्या बेअरिंगवर स्पिंडलभोवती (एक्सलच्या टोकाच्या स्थिर नळीभोवती) फिरतं, शाफ्ट नसला तरी चाक निखळत नाही, म्हणून गाडी रोजच्या रस्त्यावर मुकाट्याने चालत राहते. आणि माझ्या मित्राने बघितलेला शाफ्ट? तो डिफरन्शियलपर्यंत फिरत होता, आणि त्यापुढे काही जोडलेलंच नव्हतं.

आता तपासणी. दहा मिनिटांचं काम आहे, एक जॅक लागतो. सपाट जागा निवडा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. फक्त हँडब्रेकवर विसंबू नका. जुन्या लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो, आणि अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी पळू शकते. आपल्याला पुढचं एकच चाक उचलायचं आहे. लिव्हर टू हायमध्ये (फक्त मागची चाकं) ठेवा, दोन्ही हब लॉक करा आणि उचललेलं चाक हाताने फिरवा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरायलाच हवा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शियलच्या हिशोबाने चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साधारण दोन फेरे होतात. मग त्या चाकाचा हब फ्री करा. चाक फिरेल, शाफ्ट थांबलेला राहील. शेवटी हब परत लॉक करून, इंजिन बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये आणि लिव्हर फोर हायमध्ये टाका. आता चाक थोडं हलून अडलं पाहिजे. ते किती हलतं यावरून गिअर, क्रॉस (शाफ्टचे सांधे), स्प्लाइन (दातेरी टोकं) सगळ्यांची मिळून झीज किती आहे त्याचा अंदाज येतो. मग गाडी खाली घेऊन दुसऱ्या बाजूला हेच करा. विकणारा "जॅक कशाला, मी दाखवतो ना" म्हणाला तर तिथेच चहा नको म्हणून निघावं, असं माझं आता ठाम मत आहे.

अंगणातली चकरही मारा, पण हळू आणि दोन-चार मीटरच. कोरड्या जमिनीवर जास्त फिरवलं तर आपणच काहीतरी मोडू. त्यानंतर लिव्हर टू हायमध्ये परत येत नसेल तर घाबरायचं कारण नाही, शाफ्टमध्ये ताण अडकलेला असतो. थोडं सरळ मागे घेतलं की सुटते.

उलट, पुढची चाकं ओढत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी विकणाऱ्याला चोर ठरवू नका. व्हॅक्यूमवर चालणारे हब असतील तर रबरी नळीला चीर पडून हब लॉक होत नाही, आणि ती दुरुस्ती किरकोळ असते. वर्षानुवर्षं न वापरलेल्या हबमध्ये ग्रीस दगडासारखं होऊन रिंग सरकत नाही, तेव्हा खोलून, धुऊन, हलकं ग्रीस लावलं की काम होतं. आजार आणि बनवाबनवी यांतला फरक झाकण काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून शक्य असेल तर एका हबचं झाकण व्यवहाराआधी काढून बघा.

फुल टाइम फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत हीच फसवणूक उलट्या अंगाने येते. मध्ये डिफरन्शियल असल्यामुळे पुढचा हाफ शाफ्ट तुटला तर ताकद तिकडेच वाहून जाते आणि गाडी जागची हलत नाही. मग डिफ लॉक, म्हणजे मधलं डिफरन्शियल जखडणारं लॉक, लावून ती मागच्या चाकांवर चालवत ठेवतात. विकणाऱ्याने गाडी आणतानाच लॉक लावलेलं असेल तर ते सोडायला लावा आणि मग पुढे न्यायला सांगा. गेली तर ठीक.

चेसिसचं दुःख वेगळं. खालून सगळं कोरं काळं कुळकुळीत. "गंज लागू नये म्हणून कोटिंग मारून घेतलं," हे विकणाऱ्याचं म्हणणं, आणि माझ्या बोटाला तो रंग चिकटला होता, इतका ताजा. विकायच्या आठवड्यात गंजाची काळजी कुणाला सुचते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मेकॅनिकने छोटी हातोडी घेऊन चेसिस वाजवत नेली. ठण, ठण, ठण, आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ थप्प. स्क्रूड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत. कोटिंगखाली लांबी (खड्डे बुजवायचं पुटीन), लांबीखाली फायबरचं कापड, त्याखाली पातळ पत्रा आणि त्यामागे गंजाचा चुरा. लॅडर चेसिसच्या दांड्या आतून पोकळ असतात. चिखल-पाणी आत साठतं, गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेरून मारलेला रंग निरुपयोगी. बॉडीवरून तर अंदाज करूच नका. 1948 साली आलेल्या पहिल्या लँड रोव्हरपासून त्या घराण्यातल्या जुन्या चौकोनी गाड्यांची बॉडी बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि चेसिस पोलादी. वरून नवरदेव दिसणाऱ्या गाडीचे पाय कधीच कुजलेले असू शकतात. खिशात एक लोहचुंबक ठेवा, लांबीवर तो धरत नाही. चेसिसचा मागचा आडवा दांडा, पाट्यांचे हँगर, बॉडी टेकते त्या जागा, एवढं तरी वाजवून बघा. चेसिस नंबर कोरलेली जागाही बघा. सगळी गाडी मळकी आणि तेवढीच हातभर जागा घासून रंगवलेली असेल तर कागद न बघताच परत फिरावं.

स्टीअरिंगचा डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) नवा कोरा होता, बाकी सगळं जुनं. मला वाटलं, बघा, माणूस गाडीवर खर्च करतो. खड्ड्यातून गेल्यावर हात सुटतील इतकं पुढचं एक्सल थरथरायला लागतं, ते दाबायला डॅम्पर बसवला होता. थोडे दिवस दबलं. तपासायला सोपं आहे. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ.

इंजिन? मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. "आत्ताच धुऊन आणली." थंड डिझेल इंजिन चालू होताना जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही, म्हणून "इंजिनाला हात लावू नका, मीच येऊन चालू करेन" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. माझ्या बाबतीत दोन ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन चालू व्हायला मदत करणारे तापणारे प्लग) गेलेले निघाले, बाकी इंजिन सच्चं होतं. एवढीच गोष्ट त्याने विनाकारण लपवली.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो चिडला नाही, हे जास्त लागलं. "साहेब, तुम्ही स्वतः फोर बाय फोर टाकून बघितली. जशी आहे तशी दिली, पावतीवर तुमची सही आहे." सही होती. "जशी आहे तशी" या तीन शब्दांखाली होती. पावतीवर "फोर व्हील ड्राइव्ह चालू स्थितीत, पुढचे हाफ शाफ्ट व हबसह" एवढी एक ओळ लिहून मागायला हवी होती. लिहून देताना माणूस अडखळला असता तर तिथेच कळलं असतं.

मागचा आडवा दांडा आणि हँगरचा भाग कापून नवा वेल्ड केला. किंगपिनची बेअरिंग बदलली, डॅम्पर सोडवून त्याच खड्ड्यांतून गाडी नेली, थरथर नाही, मग डॅम्पर परत लावला. हाफ शाफ्ट एका भंगारातल्या एक्सलमधून मिळाले, एक जॉइंट नवा घ्यावा लागला. हबच्या रिंगा अजून शोधतोय. एका बाजूची मिळाली आहे.