पिंप: नुसतं क्लोरीन की आधी घासणं?

गिरगावात आमच्या चाळीत पाणी पहाटे येतं, म्हणून पिंप भरलेलंच. आतून बोट फिरवा, बुळबुळीत लागतं.

पाण्यात सुटे तरंगणारे जिवाणू क्लोरीनने लवकर मरतात. भिंतीला चिकटलेले मात्र चिवट. स्यूडोमोनाससारखे जिवाणू सतत छोटे रेणू सोडतात. गर्दी वाढली की रेणू दाटतात, त्यावरून संख्या ओळखून सगळे एकजुटीने वागतात आणि भिंतीवर तो बुळबुळीत थर रचतात.  त्यांच्या चिकट थरात क्लोरीन वरच्यावरच खर्ची पडतं, तळाचे वाचतात.

म्हणून माझं मत घासण्याला. पिंप रिकामं करून काथ्याने कडा, तळ, तोटीमागचा कोपरा खरवडायचा, क्लोरीन त्यानंतर.