कॅरिबूला जास्त छळणारी माशी कोणती: पाठीतली की घशातली?

उत्तर कॅनडातले कॅरिबू (म्हणजे तिथले रेनडिअरच) असोत की नॉर्वेतले रानटी रेनडिअर, दोन केसाळ, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या माश्या उन्हाळ्यात त्यांची पाठ सोडत नाहीत.

पहिली हायपोडर्मा टरांडी. ही केसांना अंडी चिकटवते. अळ्या कातडी भेदून आत शिरतात, पाठीकडे सरकतात, श्वासापुरतं भोक पाडतात आणि हिवाळाभर तिथेच पोसतात. एकाच जनावरात शंभराहून जास्त अळ्या सापडतात. अशा जनावराचं कातडं सोलून उजेडाकडे धरलं तर पाठीच्या भागाची चाळण झालेली दिसते. उन्हाळ्याच्या तोंडावर अळ्या गळून पडतात आणि जमिनीवर कोष करतात.

दुसरी, सेफेनेमिया ट्रॉम्पे, अंडी घालतच नाही. ती उडता उडता जिवंत अळ्यांची पिचकारी थेट नाकपुड्यांवर मारते. त्या घशाच्या मागच्या भागात दाटीवाटीने वाढतात. वसंतात जनावर खोकून-शिंकून बेजार होतं, तेव्हा कुठे त्या बाहेर पडतात.

संख्येत पहिली भारी, पण श्वासाशी गाठ असल्याने मला दुसरी जास्त क्रूर वाटते. तरी मोठं नुकसान दोघी मिळून करतात, तेही अळी आत शिरण्याआधीच. ऊन तापलं, वारा पडला की माश्यांच्या धाकाने कळप चरणं सोडून पळत सुटतो, नाहीतर उरल्यासुरल्या बर्फावर मान खाली घालून उभा राहतो. आर्क्टिकचा उन्हाळा मुळात तोकडा. त्यात चरबी साठली नाही, तर मादीला गाभ धरणं कठीण जातं. पाळीव कळपांना आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध देता येतं. रानातल्यांना तो आधार नाही.