नवी कॅनपी आणि लँडिंगचा वेग: सरळ, ९० की २७०?

पावसाळा सरला की आपल्या गोव्यातल्या उडणाऱ्या मंडळींची दोन कामं सुरू होतात, एक केरीच्या सड्यावर पॅराग्लायडर पसरायचे आणि दुसरं स्कायडायव्हिंगसाठी हरियाणातलं नारनौल, पटाया नाहीतर दुबईच्या तिकिटांचे भाव बघत बसायचं. यंदा ओळखीतल्या काहींनी १७० चौरस फुटांची सोडून १५० ची कॅनपी (पॅराशूटचं कापड) घेतलीय आणि सगळ्यांचं विचारणं एकच, लँडिंगला थोडा वेग घ्यायचाय तर सुरुवात कुठल्या टर्नने, म्हणजे किती अंशांच्या वळणाने करू. म्हणून जे पर्याय आहेत ते शेजारी शेजारी ठेवून बघूया.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवात सरळ फायनलवर (उतरायच्या आधीचा शेवटचा सरळ टप्पा) दोन्ही फ्रंट रायझर (खांद्यापासून कॅनपीच्या दोऱ्यांकडे जाणारे पुढचे पट्टे) ओढून करा, त्यानंतर ९० चा फ्रंट रायझर टर्न, आणि २७० वर्षातून एकदोनदा रजा काढून जंप करणाऱ्याने धरूच नये. गोव्यात आपल्याला रोजचा डीझेड (ड्रॉप झोन, जंप करून उतरायची जागा) नाही, म्हणजे आपले जंप झुबक्याझुबक्याने होतात, दहा दिवसांत भरपूर आणि मग महिनोन्महिने काहीच नाही. लॉगबुकात ३०० जंप असले तरी मधे सहा महिने गेले असतील तर ते ३०० त्या दिवशी तुमच्याबरोबर नसतात. वेगाच्या लँडिंगमधे सगळा खेळ उंचीच्या अंदाजाचा आणि खंड पडला की सगळ्यात आधी तोच जातो, फ्रीफॉल बरा आठवतो पण जमीन किती वेगाने वर येतेय हे डोळा विसरतो.

आता कॅनपी. रिग (पाठीवरचं पॅराशूटचं सगळं सामान), कपडे, हेल्मेट सगळं धरून तुमचं वजन ८४ किलो असेल तर ते साधारण १८५ पाउंड, १७० वर लोडिंग (दर चौरस फुटाला किती पाउंड) १.०९ आणि १५० वर १.२३. कागदावर फरक एवढुसा दिसतो पण १५० च्या लाइन्स (दोऱ्या) आखूड, त्यामुळे तोच टर्न जास्त चटकन होतो आणि नाक जास्त खाली जातं. कॅनपी कोच ब्रायन जर्मेनचा एक जुना हिशोब आहे, १०० जंपपर्यंत लोडिंग १ च्या वर नको आणि पुढे दर १०० जंपला ०.१ वाढवा, त्या हिशोबाने १.२३ साठी ३०० च्या वर जंप हवेत, आणि हे नुसतं उडवण्यासाठी बरं का, टर्न मारून उतरण्याची ही परवानगी नव्हे. अंगाने हलक्या असलेल्यांनी आणखी सांभाळायचं, कारण १२० वर १.१ लोडिंग हे १७० वरच्या १.१ पेक्षा कितीतरी चपळ असतं, आकडा तोच दिसला तरी.

नवीन बाईक घेऊन पहिल्याच दिवशी चोर्ला घाटात कोणी कोपरे मारत नाही, आधी ब्रेक कुठे लागतो ते बघतो, इथेही तसंच. नवी कॅनपी आणि नवा टर्न दोन्ही एकाच ट्रिपमधे नकोत. ज्यांना टर्न शिकायची खरंच घाई आहे त्यांनी जुन्या १७० वर शिकावा आणि १५० वर सध्या साधी लँडिंग करावी. हे ऐकून लोक नाराज होतात, पण दोन्ही गोष्टी लवकर हव्या असतील तर हाच रस्ता जवळचा आहे.

पर्याय पहिला, सरळ फायनल आणि डबल फ्रंट्स. टॉगल (ब्रेकच्या मुठी) हातातच ठेवून पुढचे दोन्ही रायझर ओढायचे, कॅनपी खाली झुकते, वेग वाढतो, सोडलं की ती आपणहून वर येते आणि मग फ्लेअर, म्हणजे दोन्ही टॉगल दाबून खाली येणं थोपवायचं. फायदा असा की दिशा बदलत नाही, समोरचं सगळं दिसत राहतं, मागून येणाऱ्यालाही तुम्ही कुठे चाललाय ते कळतं, आणि काही गडबड वाटली तर रायझर सोडून द्यायचे, बस. वेग फार मिळत नाही हे खरं, साध्या नऊ सेलच्या (कप्प्यांच्या) कॅनपीवर रायझर जडही लागतात आणि हात लवकर भरून येतात. पण फ्लेअर कधी सुरू करायचा, किती दाबायचा, जास्त वेगात कॅनपी किती लांब तरंगते हे सगळं इथेच कळतं, आणि पुढचा कुठलाही टर्न घेतलात तरी शेवटचे काही सेकंद हेच असणार आहेत.

इथे एक गोष्ट नीट बघा, बरेच जण बघत नाहीत. वर, भरपूर उंचीवर, दोन्ही फ्रंट्स ओढा आणि मान वर करून कॅनपीच्या मागच्या कडेकडे बघा. ब्रेक लाइन्सना थोडी ढील दिसली पाहिजे, वाऱ्याने मागे कमानीसारखी वाकलेली. कड खाली ओढली जात असेल, कॅनपी बकऱ्यासारखी उड्या मारत असेल, तर ब्रेक लाइन आखूड आहे किंवा टॉगल धरलेला तुमचा हात नकळत तिला ओढतोय. तशा कॅनपीवर खाली फ्रंट रायझरला हातच लावायचा नाही, आधी रिगरकडे (पॅराशूट दुरुस्त करणाऱ्याकडे) द्यायची, तो लाइन वाढवून देतो, छोटं काम आहे. सेकंड हँड घेतलेली असेल तर हे पहिल्याच जंपला तपासा, कारण लाइन्स वापरून आकसतात.

पर्याय दुसरा, ९०. बेस लेगवरून (फायनलच्या आधीचा आडवा टप्पा) फायनलला वळायचंच असतं, तोच टर्न टॉगलऐवजी एका फ्रंट रायझरने घ्यायचा, त्यामुळे तुमचा पॅटर्न (उतरायचा मार्ग) बाकीच्यांसारखाच राहतो. वळायच्या आधी फायनलवर कोण आहे, तुमच्या खाली कोण आहे हे बघितल्याशिवाय रायझर ओढू नका, एकदा नाक खाली गेलं की बघायला वेळ नसतो. वेग वाढेल तसा रायझर जड होत जातो आणि हातातून निसटतो, म्हणून काही जण आधी थोडे ब्रेक लावून कॅनपी हळू करतात, मग रायझर हलका लागतो. पण ब्रेक सोडल्यावर कॅनपी स्वतःच पुढे झेपावते आणि वर तुमचा टर्न, म्हणजे उंची अपेक्षेपेक्षा जास्त जाणार, हे सगळं वर मोजल्याशिवाय खाली आणायचं नाही.

हार्नेसने (अंगावरच्या पट्ट्यांनी) ९० म्हणजे एका बाजूच्या लेग स्ट्रॅपवर (मांडीच्या पट्ट्यावर) वजन टाकून वळणं, चेस्ट स्ट्रॅप सैल केला की जास्त लागू पडतं. बघायला हे सगळ्यात देखणं आणि वेगही छान टिकतो, पण १.१ च्या आसपास मवाळ कॅनपीवर परिणाम इतका हळू होतो की टर्न कुठे संपेल याचा अंदाजच येत नाही. फ्रंट रायझरचा ९० हातात बसल्यावर त्यात हार्नेस मिसळत जा.

आणि टॉगलचा जोरात टर्न, तो पर्याय म्हणून मी मांडतच नाहीये. तो सगळ्यात सोपा लागतो, ताकद लागत नाही, कॅनपी झपकन पडते, म्हणूनच खाली तो मारून माणसं मरतात, पूर्ण उघडलेल्या धडधाकट कॅनपीखाली. टॉगलने खालच्या उंचीसाठी शिकायचा तो फ्लॅट टर्न, ब्रेकमधे राहून उंची न गमावता वळायचा, समोर अचानक कोणी आलं तर तोच वाचवतो. युएसपीएच्या (अमेरिकेतली स्कायडायव्हर्सची संघटना) बी लायसन्सला ५० जंपबरोबर कॅनपीचं वेगळं कार्ड भरावं लागतं, त्यातल्या ड्रिल्स नव्या कॅनपीवर पुन्हा पहिल्यापासून करा, जुन्या कॅनपीवर झाल्यात म्हणून सोडू नका.

१८० बद्दल थोडंच. वाऱ्याबरोबर पळत टार्गेटकडे पाठ करून यायचं आणि मग वळायचं, अंतराचा अंदाज चुकतोच, बरेच कोच ९० वरून सरळ २७० वर नेतात. २७० मधे वेग भरपूर, कॅनपी सावरायला वेळही मिळतो, पण अर्धा टर्न तुम्ही ट्रॅफिक आणि टार्गेट दोन्हीकडे पाठ करून असता, त्यासाठी वेगळी जागा नाहीतर विमानाचा वेगळा पास (फेरी) लागतो आणि मुळात एकाच डीझेडवर रोजच्या रोज जंप करायला लागतात, कोचने खाली उभं राहून प्रत्येक लँडिंगचा व्हिडिओ घ्यायला लागतो. दुबईत नोकरी करत असाल तर गोष्ट वेगळी. पणजी-म्हापशात राहून हे होत नाही.

टर्नची उंची किती, हा आकडा मी मुद्दाम देत नाही, कोणाचा घेऊही नका. ३००० फुटांवर टर्न मारा, सुरू करताना आल्टिमीटर बघा, कॅनपी आपणहून सपाट झाली की परत बघा. असं पुष्कळदा करा, त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरा आणि वर मार्जिन ठेवून उंचावरून सुरुवात करा. उंच राहिलात तर टर्न लवकर संपतो आणि साधी लँडिंग होते, काही बिघडत नाही. खाली राहिलात तर टॉगल खसकन ओढून वाचायची वेळ येते, आणि तशी एकदा वाचलात तरी तो टर्न फसलेलाच समजा. गरम, दमट हवा पातळ असते, उंचावरच्या डीझेडवर आणखी पातळ, तिथे तोच टर्न जास्त उंची खातो, म्हणून नारनौलला हिवाळ्यात मोजलेला आकडा मे महिन्यात चालत नाही.

कॅनपी अजून घेतली नसेल तर टर्ननंतर पटकन वर येणारी घ्या, सेबर थ्री किंवा पायलट या कॅनपींसारखी. कटानासारख्या कॅनपी खूप वेळ खाली धावत राहतात, वेग मस्त मिळतो, पण उंचीचा अंदाज चुकला तर ती तुम्हाला माफ करत नाही.

केरीला उडणाऱ्यांसाठी एक, तिथला समुद्रावरून येणारा दुपारचा वारा सपाट आणि एकसारखा असतो, ग्राउंड हँडलिंगला आणि वारा वाचायला याहून चांगली जागा नाही. पण पॅराग्लायडर एक मीटर खाली येताना आठनऊ मीटर पुढे जातो आणि आपली कॅनपी अडीच-तीनच, त्या हाताचा भरवसा फायनलवर धरू नका. पटायाला जाणाऱ्यांनी (शीतल महाजनांनी २०१८ मधे नऊवारी नेसून जंप मारली ते ठिकाण हेच) पहिले दोन दिवस फक्त साध्या लँडिंगला ठेवा, तिसऱ्या दिवशी उंचावर करायच्या ड्रिल्स आणि डबल फ्रंट्स, आणि जमलं तर फ्लाइट वनचा (कॅनपी उडवायला शिकवणारी संस्था) कोर्स असेल त्याच तारखा धरून तिकीट काढा. ९० ला त्याच ट्रिपमधे हात घालायचा की नाही हे कोचला व्हिडिओ दाखवून ठरवा, आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या ट्रिपला.